पोट दुखतं, रिपोर्ट नॉर्मल, आणि घरात पाच प्रकारचे उपाय चालू

आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची आहे. पाच-सहा महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा बेंबीभोवती पोट दुखतं, बहुतेक वेळा सकाळी. रक्त, लघवी, शौच आणि सोनोग्राफी सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन असेल." त्यानंतर घरात प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचं औषध) सुरू झालं, एक जडीबुटीचं चूर्ण आलं, होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या, गहू आणि दूध बंद झालं. आता आईने पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आणि संमोहन यांबद्दल वाचलंय. तिचा प्रश्न: हेही जोडू का, आणि यातलं खरं काय?

जोडण्याआधी बरंच काढावं लागेल. पण त्याआधी त्या "काही नाही"बद्दल बोलू, कारण पुढची निम्मी धावपळ त्या दोन शब्दांमुळे होते. मुलीचं पोट खरोखर दुखतं. ती सोंग करत नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. एखादा जुलाबाचा आजार, अँटिबायोटिकचा कोर्स किंवा ताणाचा काळ येऊन गेला की काही मुलांमध्ये हे जाळं हळवं होऊन राहतं. दुखऱ्या बोटाला साधा धक्का लागला तरी जीव कळवळतो, तसंच जेवणानंतर आतडं थोडं फुगलं किंवा वायू पुढे सरकला एवढ्यानेही कळ येते. सोनोग्राफीत हळवेपणा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात.

याला फंक्शनल पोटदुखी म्हणतात. २०१६ च्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांनुसार महिन्यातून किमान चार वेळा, किमान दोन महिने पोट दुखत असेल आणि योग्य तपासणीनंतर दुसरा आजार त्याचं कारण म्हणून उरत नसेल, तर हे निदान ठामपणे करता येतं. त्यासाठी जगातल्या सगळ्या तपासण्या करून थकायची गरज नसते. निदानाला नाव मिळालं, कारण समजलं, की काही मुलं तेवढ्यानेच सुधारतात. "काही नाही" ऐकलेले पालक मात्र पुढच्या दारावर जातात, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

आता या मुलीची तपासणी पुरेशी झाली आहे का? पत्रात एक गोष्ट खटकली: गहू बंद केलाय, पण सीलिअॅकची तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. सीलिअॅक म्हणजे ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या एका प्रथिनामुळे, लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए) मूल ग्लूटेन खात असतानाच भरवशाची असते. आधी गहू बंद केला आणि नंतर तपासणी केली, तर खरा आजारही नॉर्मल दिसू शकतो. म्हणून गहू पुन्हा सुरू करा. तपासणी काही आठवडे नियमित खाल्ल्यावर करायची की कसं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. ती नॉर्मल आली तर गव्हाचा विषय बहुतेक तिथेच मिटतो. पत्रातलं वर्णन फंक्शनल पोटदुखीचंच वाटतं, तरी हा एक प्रश्न आधी सुटला पाहिजे.

बाकी धोक्याच्या खुणा पालकांना पाठ असाव्यात. दुखणं बेंबीपासून लांब, एकाच ठिकाणी असणं. दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठणं. शौचातून रक्त. वजन घटणं किंवा उंची वाढायची थांबणं, वयात येणं लांबणं. गिळताना अडकणं. वारंवार उलट्या, विनाकारण ताप, सांधे सुजणं, गुदद्वाराजवळ गळू किंवा चीर. घरात कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार), सीलिअॅक किंवा पेप्टिक अल्सर. यातलं एकही असेल तर पूरक उपचाराचा विचारही नंतर, आधी बालपोटविकार तज्ज्ञ. शौचातली कॅलप्रोटेक्टिन तपासणी आतड्यात सूज आहे का याचा चांगला अंदाज देते आणि पुष्कळ मुलांची एंडोस्कोपी वाचवते. उंची-वजनाचा जुना तक्ता शोधून ठेवा, मला तो बऱ्याच महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो.

काही गोष्टींत तासांचा हिशोब असतो. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, लगेच रुग्णालय. बाळ थांबून थांबून कळवळतंय, पाय पोटाशी घेतंय, मधल्या वेळात मलूल पडतंय, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. रक्ताळलेली शी दिसायची वाट पाहू नका. मोठ्या मुलाचं दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं आणि चालताना वाकायला लागलं, तर अपेंडिक्सचा विचार. अशा वेळी रेचक, एनिमा, पोट चोळणं यातलं काहीही करू नये.

आणखी एक अगदी साधी गोष्ट तपासा: बद्धकोष्ठता. पालक म्हणतात, "रोज जाते की!" रोज जाणं आणि रोज पोट साफ होणं वेगळं. शी कडक, जाड आहे का? शौचालय तुंबतं का? चड्डीला डाग लागतात का? हे डाग पुष्कळदा जुलाब समजले जातात आणि मग जुलाब थांबवण्याचे उपाय सुरू होतात, म्हणजे नेमकं उलट. असं असेल तर मॅक्रोगॉलसारखं मल मऊ करणारं औषध पूर्ण डोसने, किमान दोन महिने, आणि त्रास गेल्यावरही महिनाभर चालवून मग हळूहळू कमी करायचं. औषधाची सवय लागेल या भीतीने पंधरवड्यात बंद करणं हेच आजार परत येण्याचं मोठं कारण. जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं शौचालयात बसवणं, पायाखाली स्टूल देणं म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतील. प्रोबायोटिकचा इथे भरवशाचा उपयोग दिसलेला नाही.

आता पूरक उपचार. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: मुलांच्या पोटदुखीत ज्या पूरक उपचारांना सर्वांत चांगला पुरावा आहे, ते बाटलीत मिळत नाहीत. बाटलीतल्या गोष्टी फार तर दुय्यम आहेत. घरोघरी क्रम नेमका उलटा असतो.

संमोहनाचं नाव ऐकून बरेच पालक बिचकतात. डोळ्यांसमोर लंबक हलवणारा माणूस मनातून काढून टाका. यात मूल शुद्धीवर असतं, हवं तेव्हा डोळे उघडू शकतं, त्याच्या इच्छेविरुद्ध काही घडत नाही. प्रत्यक्षात असं चालतं: मूल आरामात टेकून बसतं, श्वास संथ होतो. मग त्याला आवडती जागा मनात उभी करायला सांगतात, तिथले रंग, आवाज, पायाखालचा स्पर्श. तळहात ऊबदार होतायत अशी कल्पना करायची, तो हात पोटावर ठेवायचा, ती ऊब आत झिरपू द्यायची. मग पोटातून सगळं सहज, घसरगुंडीवरून यावं तसं पुढे सरकतंय असं चित्र. दोन आठवड्यांच्या अंतराने काही बैठकी, आणि घरी रोज रेकॉर्डिंग ऐकून सराव. मोठ्यांपेक्षा मुलं यात पटकन रमतात, त्यांची कल्पनाशक्ती अजून ताजी असते.

नेदरलँड्समध्ये २००७ साली ५३ मुलांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांनी न सुटलेली पोटदुखी होती. वर्षभरानंतर संमोहनाच्या गटात ८५ टक्के मुलं बरी होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के. पाच वर्षांनीही फरक टिकला, ६८ विरुद्ध २०. अभ्यास लहान होता हे खरं, पण पोटदुखीच्या कुठल्याही औषधाला मुलांमध्ये असा टिकाऊ निकाल दाखवता आलेला नाही. पुढे २०१७ मध्ये त्याच देशात २६० मुलांवर पाहिलं गेलं की थेरपिस्टकडे न जाता घरी सीडी लावून व्यायाम केले तर काय होतं. वर्षभराने प्रत्यक्ष थेरपी घेणाऱ्यांत ७१ टक्के आणि घरी सीडी ऐकणाऱ्यांत ६२ टक्के मुलांना चांगला आराम होता. म्हणजे जवळपास प्रशिक्षित थेरपिस्ट नसला तरी मार्ग बंद होत नाही. मात्र थेरपिस्ट शोधताना तो मुळात मानसशास्त्र किंवा वैद्यकाचा प्रशिक्षित माणूस हवा, आणि त्याने मुलांबरोबर काम केलेलं हवं. फक्त "संमोहनतज्ज्ञ" एवढीच पाटी असेल तर दुसरीकडे जा.

दुसरा उपचार पालकांनी स्वतःवर करायचा आहे, आणि तो सगळ्यात अवघड. २००६ चा एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. मुलांना पोट भरेपर्यंत पाणी प्यायला देऊन मुद्दाम पोटात अस्वस्थता आणली. काही पालकांना शिकवलं होतं: मुलाकडे लक्ष द्या, "कसं वाटतंय, खूप दुखतंय का" असं विचारा. काहींना शिकवलं: विषय बदला, दुसऱ्या गोष्टीत गुंतवा. लक्ष देणाऱ्या गटात मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, विषय बदलणाऱ्या गटात निम्म्यावर आल्या. गंमत अशी की पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना विषय बदलणं हेच जास्त अपायकारक वाटत होतं. मुलांना तसं वाटलं नव्हतं.

याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. "दुखतंय हे मला कळतंय. आपण श्वासाचा सराव करू आणि मग दप्तर भरू," एवढं पुरे. सकाळी उठल्या उठल्या "आज पोट कसं आहे?" हा प्रश्न आजपासून बंद. शाळा चुकवायची नाही, उशिरा गेली तरी चालेल. शिक्षकांना सांगून ठेवा की दहा मिनिटं शांत बसू द्यावं, पण घरी फोन लगेच करू नये. पोट दुखलं की टीव्ही, गादी आणि आईची सुट्टी, आणि दुखलं नाही की काहीच नाही, ही घडी उलटवायची असते. मुलांना आणि पालकांना मिळून हे शिकवणाऱ्या तीन बैठकी दिल्यावर दुखणं कमी होतं, हे २०१० मध्ये २०० मुलांच्या अभ्यासात दिसलं. आणि हो, सकाळीच दुखतं म्हणजे शाळेत काही बिनसलंय का, कुणी छळतंय का, शाळेतलं शौचालय टाळते का, हे शांतपणे विचाराच.

योगासनांवर मुलांमध्ये छोटे अभ्यास आहेत, निकाल आशादायक आहेत, अपाय जवळपास नाही. मुलीला आवडत असेल तर जरूर. शिक्षा म्हणून नको. अॅक्युपंक्चरबद्दल मुलांमधला पुरावा इतका तोकडा आहे की मी स्वतःहून सुचवत नाही. कानाजवळ लावायचं, सौम्य विद्युत लहरी देणारं एक उपकरण मात्र आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१९ मध्ये सुरुवातीला ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली.

आता बाटल्या. पुदिन्याच्या तेलामागे तर्क आहे: त्यातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे पेटके सैल होतात. २००१ मध्ये ४२ मुलांवरच्या अभ्यासात दोन आठवड्यांत कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांचं दुखणं कमी झालं. पण ही कॅप्सूल आतड्यातच विरघळणारं आवरण असलेली असते. ती चावली, फोडली किंवा अॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर पोटातच फुटते आणि जळजळ होते. छातीत जळजळ असणाऱ्या मुलांना नको. अभ्यासातला डोस ३० किलोपासून पुढे ठरवलेला होता, नऊ वर्षांची मुलगी पुष्कळदा त्याखाली असते. म्हणून वजन आणि गिळता येतं का, हे पाहून डॉक्टरांशी बोलूनच. उघडं तेल पाण्यात टाकून देणं हा पर्याय नाही, आणि तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल तर कधीच नको, श्वासनलिका आवळली जाऊ शकते.

प्रोबायोटिक हा शब्दच फसवा, कारण प्रत्येक जिवाणूचा वाण वेगळा वागतो. फंक्शनल पोटदुखीत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ या दोन वाणांचा थोडासा फायदा दिसतो. डब्यावर वाणाचं पूर्ण नाव नसेल तर तो डबा दुकानातच राहू द्या. चार ते आठ आठवडे देऊन फरक नसेल तर बंद. हाच रॉयटेरी वाण आईचं दूध पिणाऱ्या बाळांच्या पोटशूळात रडणं कमी करतो, वरचं दूध पिणाऱ्यांमध्ये तसं दिसलेलं नाही. जुलाबात मात्र उत्साह ओसरला आहे: २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन चाचण्यांत, मिळून १,८०० हून जास्त मुलांमध्ये, प्रोबायोटिक आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी मात्रा) यांत फरक आढळला नाही. अकाली जन्मलेली बाळं, प्रतिकारशक्ती खालावलेली मुलं आणि मोठ्या शिरेत नळी असलेली मुलं यांच्यात हे जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरू शकतात. तिथे घरगुती निर्णय नको.

होमिओपॅथीबद्दल स्पष्टच लिहितो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा चाळून निष्कर्ष काढला की कुठल्याही आजारात ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तरी काही मुलांना बरं वाटतं, आणि त्यात आश्चर्य नाही. मुलांच्या पोटदुखीत प्लासिबोचा परिणाम मोठा असतो. २०२२ च्या एका छोट्या अभ्यासात ३० मुलांना "यात औषध नाही" असं उघड सांगून प्लासिबो दिलं, तरी दुखणं काहीसं कमी झालं. अर्धा तास नीट ऐकून घेणारा माणूस हाही उपचार असतो. आम्ही डॉक्टर दोन मिनिटांत प्रिस्क्रिप्शन हातात ठेवतो आणि मग रुग्ण दुसरीकडे का जातात म्हणून विचारतो.

चूर्ण मात्र आज बंद करा, निदान त्यात काय आहे हे कळेपर्यंत. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. २००४ मध्ये बॉस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आणि शिशाच्या विषबाधेची लक्षणं काय? पोटदुखी आणि बद्धकोष्ठता. ज्या दुखण्यासाठी औषध सुरू केलं, तेच वाढवणारं औषध. प्रत्येक उत्पादन असं नसतं, पण लेबल नसलेल्या पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुडी पुढच्या भेटीत घेऊन जा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा. चक्रीफुलाचा काढा तान्ह्या बाळांना देऊ नका: त्यासारखंच दिसणारं जपानी झाड विषारी असतं, दोन्हींची भेसळ होऊन बाळांना झटके आल्याने एफडीएने २००३ मध्ये इशारा दिला होता. एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याचा) धोका असतो.

आहारात गहू आणि दूध दोन्ही एकदम तोडल्याने काहीच कळत नाही. बरं वाटलं तर कशाने? आणि वाढत्या वयात कॅल्शियम, प्रथिनं, उष्मांक कमी पडतात ते वेगळंच. दुधाची शंका असेल तर फक्त दूध दोन आठवडे बंद, मग पुन्हा सुरू करून बघा. पुन्हा सुरू करणं हाच त्या प्रयोगाचा खरा भाग असतो. लो-फॉडमॅप आहाराने (आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा टाळणाऱ्या आहाराने) काही मुलांना फायदा होतो, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दोन-चार आठवडे, आणि जेवणाबद्दल आधीच धास्ती असलेल्या मुलीला नकोच. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावरून पन्नास पदार्थांची "अॅलर्जी" काढून देणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी हे तो पदार्थ खाल्ल्याचं लक्षण आहे, आजाराचं नाही.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या मुलांच्या पालकांसाठी दोन शब्द. क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण देणं हा मुख्य प्रवाहातला, स्टिरॉइड टाळणारा उपचार आहे. त्याला "पूरक" म्हणून खालच्या पायरीवर ठेवू नका. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्या, विशेषतः मिरीच्या अर्कासह असलेल्या, यकृताला इजा करू शकतात. निळीच्या वनस्पतीपासून केलेल्या औषधाने कोलायटिसमध्ये सूज उतरते, पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याच्या घटनांमुळे जपानने २०१६ मध्ये त्याबाबत सावध केलं. मूळ औषध बंद करून यातलं काही घेणं म्हणजे आतडं पणाला लावणं. आणि साध्या जुलाबात पहिला उपचार ओआरएस, नेहमीचं जेवण आणि १० ते १४ दिवस झिंक. बाकी सगळं त्यानंतर.

तर या मुलीसाठी मी असं करेन. चूर्ण, गोळ्या आणि सध्याचं प्रोबायोटिक तिन्ही बंद. गहू-दूध सुरू, सीलिअॅकची तपासणी वेळ साधून. शी कडक असेल तर आधी त्याचा पूर्ण उपचार. शाळा रोज. संमोहनाचं रेकॉर्डिंग किंवा थेरपिस्ट, तीन महिने मनापासून. या काळात दुसरं काहीही जोडायचं नाही, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही. दुखण्याची रोजची डायरी लिहायची नाही, त्याने लक्ष पुन्हा पोटावर जातं. आठवड्याला एकदा, रविवारी, शाळा किती दिवस बुडली आणि खेळणं किती वेळा थांबलं एवढंच लिहा. सुधारणा आधी त्यातच दिसते, दुखणं नंतर कमी होतं. तीन महिन्यांनी फार फरक नसेल तर पुदिन्याची कॅप्सूल किंवा नाव माहीत असलेलं प्रोबायोटिक, दोन्हींपैकी एक, थांबवायची तारीख ठरवून. घरी काय काय दिलं जातंय ते सगळं डॉक्टरांना सांगा, ओरडा बसेल या भीतीने लपवू नका. दर भेटीला वजन आणि उंची मोजून घ्या. तक्त्यावरची रेघ खाली वळली किंवा वरच्या खुणांपैकी एखादी दिसली, तर तीन महिने थांबायचं नाही, तपासणी पुन्हा पहिल्यापासून.